फर्निचरच्या गाळ्यातली पीव्हीसी कातरणं: वेगळी कशी ठेवायची, कुणाला द्यायची

नवीन गाळा टाकणारे लोक फोन करतात तेव्हा मशीन कुठलं घेऊ, बोर्डाच्या कडेला चिकटवायची प्लास्टिकची टेप कुणाची चांगली, ग्लू किती तापमानाला चालवू हे सगळं विचारतात. कचऱ्याचं विचारणारा अजून भेटला नाही. दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरलेल्या टीटीसी एमआयडीसीत काय किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये काय, मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बनवणारे असंख्य छोटे गाळे आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मागच्या दाराशी तेच चित्र दिसतं.

आमचा रबाळ्याचा गाळाही तसाच लहान. बोर्ड कापणारी एक पॅनल सॉ, कडेला टेप चिकटवणारं एक एज बँडिंग मशीन, भोकं पाडणारं एक बोअरिंग मशीन आणि सहा माणसं. पहिली दोन वर्षं मागे गोण्यांची रांग असायची. वरून पाहिलं तर नुसता भुसा; हात घातला की आत पांढऱ्या, वॉलनट, राखाडी रंगाच्या, टेपच्या कुरळ्या पट्ट्या. भंगारवाला यायचा, गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर माल काढून त्यावर फुंकर मारायचा. भुसा उडायचा, प्लास्टिक तळहातावर उरायचं. तरी मान हलवायचा. ‘शेठ, हे निवडत कोण बसणार?’ त्याचं बरोबरच होतं. एका मुठीला फुंकर फुकट असते. शंभर गोण्यांना तेच करायचं तर यंत्र लागतं, वीज लागते, माणूस लागतो, आणि प्लास्टिकची सगळी किंमत त्यातच संपते. म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं काम मशीनपाशीच होतं. कातरण एकदा भुशात पडलं की मग काहीही केलं तरी उशीरच.

आधी आठवडाभर मोजा

अंदाजाने बोलू नका, गणित सोपं आहे. १८ मिलिमीटरच्या प्रीलॅम (आधीच डिझाइनचा थर लावलेल्या) बोर्डाला आपण सरसकट २२ मिलिमीटर रुंदीची टेप लावतो. वर दोन, खाली दोन असे चार मिलिमीटर ट्रिमिंगमध्ये उडतात. म्हणजे विकत घेतलेल्या टेपपैकी साधारण १८ टक्के. दिवसाला ५०० मीटर टेप वापरत असाल आणि ती ०.८ मिलिमीटर जाडीची पीव्हीसी असेल, तर या उडालेल्या कडांचंच वजन सव्वादोन किलोच्या आसपास भरतं. हीच टेप २ मिलिमीटरची असली तर साडेपाच किलोच्या वर. महिन्याचे २६ दिवस धरले तर पहिल्यात अठ्ठावन्न किलो, दुसऱ्यात जवळजवळ दीड क्विंटल.

यात टोकांची कापणं धरलेली नाहीत. मशीन प्रत्येक तुकड्याच्या पुढे आणि मागे थोडी टेप जास्त सोडतं आणि नंतर कापतं. आमच्या मशीनवर दोन्ही बाजूंची मिळून पाचेक सेंटिमीटर जाते. दोन मीटरच्या वॉर्डरोबच्या शटरला ती काहीच नाही. पण तीस सेंटिमीटरच्या ड्रॉवरच्या तुकड्याला सोळा-सतरा टक्के होते. ड्रॉवरचं काम जास्त असेल त्या महिन्यात आमचा कचऱ्याचा ट्रे दुप्पट वेगाने भरतो.

मोजताना एक चूक बहुतेकांच्या लक्षात येते, आमच्याही आली. बोर्ड १६ मिलिमीटरचा असतानाही मशीनवर २२ चीच टेप चढवलेली असते, कारण तीच स्टॉकमध्ये असते. तिथे सहा मिलिमीटर जातात, म्हणजे सत्तावीस टक्के. टेपवाले मोठ्या रोलमधून हव्या त्या रुंदीची टेप कापून देतात. थोडी जास्त मागणी एकदम द्यावी लागते एवढंच. जो कचरा झालाच नाही त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

टेप कशाची आहे ते ओळखा

आपल्याकडे बाजारात बहुतेक टेप पीव्हीसीचीच असते. पण एबीएस वाढतंय, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची टेपही येते, आणि हाय ग्लॉस कामात अॅक्रिलिक. डोळ्यांनी फरक कळत नाही. पांढरी पीव्हीसी आणि पांढरी एबीएस शेजारी ठेवा, रोज हाताळणारा कारागीरही फसेल. रोलच्या बॉक्सवर लिहिलेलं असतं, पण बॉक्स पहिल्याच दिवशी फाडून कुणाच्या तरी जेवणाखाली अंथरलेला असतो.

घरच्या घरी करता येईल अशी चाचणी अशी. रोलमधून बोटाच्या पेराएवढा, ग्लू न लागलेला तुकडा कापा. काचेच्या ग्लासात नळाचं पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर तुकडा पृष्ठताणामुळेच तरंगतो आणि आपण भलताच निष्कर्ष काढतो. तुकडा काडीने पाण्याखाली दाबून सोडा. वर आला तर पीपी. त्याची घनता ०.९ च्या आसपास असते. बुडाला तर दुसरा ग्लास घ्या: एक लिटर पाण्याला दोनशे ग्रॅम मीठ या हिशेबाने पूर्ण विरघळवलेलं. एबीएसची घनता साधारण १.०५, त्यामुळे ते मिठाच्या पाण्यात वर येतं. पीव्हीसी १.४ च्या घरात असतं, ते तिथेही तळ गाठतं. अॅक्रिलिकही बुडतं, कारण ते १.१८ आहे.

पीव्हीसी की अॅक्रिलिक हा शेवटचा संशय फेडायला तांब्याची तार लागते. तारेचं टोक ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, ज्योतीचा रंग साधा दिसला पाहिजे. गरम टोक टेपवर टेकवा, चिकटलेला कण घेऊन पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. ही चाचणी उघड्यावर करा, भुशापासून लांब, आणि कणभर मालावरच करा. धूर नाकात घेण्यासारखा नसतो.

ही ओळख एवढी का महत्त्वाची, ते मला स्वतःच्या चुकीतून कळलं. एका कामाला एबीएसची टेप होती. त्याची कातरणं मी ‘एबीएस’ लिहून एका दाणेवाल्याला, म्हणजे भंगार प्लास्टिक वितळवून दाणे करणाऱ्याला, दिली. पण त्याच गोणीत आदल्या दिवशीची मूठ-दोन मूठ पांढरी पीव्हीसी राहून गेली होती. दोन दिवसांनी त्याने मला बोलावून घेतलं आणि काही न बोलता त्याच्या प्लास्टिक वितळवणाऱ्या मशीनच्या उघडलेल्या सिलिंडरपाशी उभं केलं. स्क्रूच्या आट्यांत काळा, जळका थर, आणि नाकाला झोंबणारा आंबट वास. एबीएस २२० अंशांच्या वर चालवतात. पीव्हीसी १७० ते १९० अंशांत काम करणारं प्लास्टिक. त्यापुढे ते विघटू लागतं, हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं, आणि तो वायू उरलेल्या पीव्हीसीचं विघटन आणखी वेगाने घडवतो. उलट बाजूने, पीव्हीसीच्या गोणीत थोडं एबीएस गेलं तर एवढा अनर्थ होत नाही. म्हणून आमच्याकडे आता नियम असा आहे: शंका असेल तो माल पीव्हीसीत टाका, एबीएसच्या गोणीत कधीच नाही.

आणखी एक बंदी, याहून कडक. ड्रॉवर चॅनलची चाकं, काही फिटिंगचे पांढरे तुकडे अॅसिटल नावाच्या प्लास्टिकचे असतात. अॅसिटल आणि पीव्हीसी एकत्र तापले की दोन्ही फार झपाट्याने विघटतात, सिलिंडरमध्ये दाब चढतो आणि ऑपरेटरच्या जिवावर बेतू शकतं. तुटलेलं फिटिंग ‘प्लास्टिकच आहे’ म्हणून कातरणांच्या गोणीत भिरकावणाऱ्या हेल्परला हे एकदा नीट बसवून सांगा.

मशीनपाशी वेगळं करा

आता मुख्य काम. एज बँडिंग मशीनचं कव्हर उघडा आणि तुकडा कुठून कुठे जातो ते एकदा सावकाश पाहा. प्रत्येक टप्प्यावर पडणारा कचरा वेगळा आहे.

सुरुवातीला प्री-मिलिंग असेल तर तिथे बोर्डाची कड छिलली जाते. तो निव्वळ लाकडाचा भुसा. मग ग्लू, मग रोलर. मग टोकं कापणारी करवत: इथे पडणारे तुकडे म्हणजे शुद्ध टेप, मोठे, जड, खाली सरळ पडणारे. हे सर्वांत चांगलं आणि सर्वांत सोपं. त्याच्याखाली एक पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा ट्रे सरकवा, झालं. आम्ही जुन्या तेलाच्या डब्याचा आडवा कापलेला अर्धा भाग लावलाय, अजून बदलावा लागलेला नाही.

पुढे वरच्या-खालच्या कडा उडवणारे ट्रिमिंग कटर. वजनाने सर्वांत जास्त माल इथेच निघतो, कुरळ्या चिंध्यांसारखा, आणि तो सक्शनने ओढला जातो. त्यानंतर स्क्रॅपर, त्यातून केसासारखे लांब धागे निघतात. शेवटी ग्लू स्क्रॅपर आणि बफिंग, तिथला मळ कुणाच्याच कामाचा नाही.

गोंधळ होतो तो एकाच गोष्टीमुळे. मशीन बसवणारा माणूस प्री-मिलिंग, ट्रिमिंग, स्क्रॅपर असे सगळे पाइप एकत्र जोडून पॅनल सॉच्या मोठ्या डस्ट कलेक्टरला, म्हणजे भुसा ओढून घेणाऱ्या यंत्राला, लावून जातो. त्याच्या दृष्टीने काम झालं. आपण करायचं ते एवढंच: प्री-मिलिंगचा पाइप मोठ्या कलेक्टरवर राहू द्या, ट्रिमिंग आणि स्क्रॅपरचे पाइप काढून एका छोट्या, स्वतंत्र, एक बॅगच्या कलेक्टरला लावा. आम्ही जुना कलेक्टर घेऊन हे केलं, एका रविवारी, दोन फ्लेक्सिबल पाइप आणि चार क्लॅम्प वापरून. दुसऱ्याच दिवशी बॅगेत हात घातला तर नव्वद टक्क्यांच्या वर प्लास्टिक वाटत होतं. एक फायदा अनपेक्षितपणे पदरात पडला: स्क्रॅपरचे धागे मोठ्या कलेक्टरच्या पंख्याला गुंडाळून बसायचे, ते बंद झालं.

तुमच्या मशीनला प्री-मिलिंग नसेल तर काम आणखी सोपं. मशीनच नसेल, हाताने टेप लावून ट्रिमरने कडा मारत असाल, तर टेबलाखाली चादर अंथरा आणि कडा मारण्याआधी टेबलावरचा भुसा झाडून घ्या. साइटवर काम करणाऱ्या मिस्त्रींना हे सांगून पाहिलंय. दहातले तीन ऐकतात.

ग्लूबद्दल लोक फार घाबरतात. कडेच्या उडालेल्या पट्टीला ग्लू नावापुरताच असतो आणि साधा ईव्हीए ग्लू असेल तर तो पुन्हा वितळतो, थोड्या प्रमाणात चालून जातो. पीयूआर ग्लू मात्र एकदा पक्का झाला की वितळत नाही, तयार मालात टाचणीच्या डोक्याएवढे कण दिसतात. पीयूआरवर चालवलेल्या मालाची गोणी वेगळी ठेवा आणि घेणाऱ्याला आधीच सांगा. ग्लूच्या टाकीतून खरवडलेले गोळे कुठल्याच गोणीत नकोत.

रंग, चाळण आणि गोणी

सतरा रंगांच्या सतरा गोण्या करायला जाऊ नका, दुसऱ्या आठवड्यात सगळे कंटाळतील. पांढरी पीव्हीसी, बाकी सगळी पीव्हीसी, आणि एबीएस असेल तर एबीएस, एवढ्या तीन पुरतात. पांढरी वेगळी ठेवायचं कारण उघड आहे: पांढऱ्यापासून कुठलाही रंग करता येतो, वॉलनट आणि राखाडीच्या मिश्रणातून फक्त काळं किंवा मातकट तपकिरी. त्यासाठी कामाचा क्रम लावा, दिवसाची सुरुवात पांढऱ्या शटरने करा, रंग बदलताना बॅग बदला.

उरलेला भुसा काढायला ४-५ मिलिमीटरची जाळी पुरते. आमच्याकडचे एक वयस्कर मामा कोकणातले. त्यांनी घरून सूप आणलं आणि गोणीभर माल चक्क पाखडून दाखवला. भुसा समोर उडाला, प्लास्टिक सुपात राहिलं. रोजचं काम असं होत नाही, पण हवेच्या झोतावर हलकं-जड वेगळं करणारी मोठी यंत्रं याहून वेगळं काही करत नाहीत. धुवायच्या भानगडीत मात्र पडू नका. एमडीएफचा भुसा पाण्याने फुगतो, प्लास्टिकला चिकटून बसतो, आणि ओला माल कुणी घेत नाही. जून ते सप्टेंबर गोण्या लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब. आपल्याकडच्या पावसात गाळ्याची जमीन आतूनसुद्धा घाम सोडते.

चुंबक फिरवा, स्टेपल पिना निघतात. अॅल्युमिनियमचा चुरा चुंबकाला लागत नाही. प्रोफाइल हँडल कापायचं काम असेल ते या मशीनच्या आसपास करूच नका.

काय आत टाकायचं नाही तेही सांगतो. सनमायका, म्हणजे कुठलंही डेकोरेटिव्ह लॅमिनेट, थर्मोसेट असतं, ते वितळतच नाही. अॅक्रिलिक शीटवरची आणि लॅमिनेटवरची पातळ संरक्षक फिल्म बहुधा पॉलिथिनची असते. ती वेगळी गुंडाळून ठेवा, तिला वेगळं गिऱ्हाईक असतं. पीव्हीसी फोम बोर्डाचा चुरा पीव्हीसीच असला तरी त्याचं मिश्रण वेगळं, तो टेपमध्ये मिसळू नका. मेंब्रेन शटरची फॉइलही निराळी ठेवा.

दळायचं की तसंच द्यायचं

उत्साहात ग्राइंडर विकत घेऊ नका. आमच्या एका गोणीत जेमतेम सात-आठ किलो कातरण बसतं, दळल्यावर त्याच गोणीत तिपटीहून जास्त. त्यामुळे टेम्पोभाडं वाचतं हे खरं. पण कुरळ्या पट्ट्या रोटरला गुंडाळतात, ब्लेडला धार लावत राहावं लागतं, आवाज आणि धूळ वेगळी, आणि गाळ्यात नवीन यंत्र बसवलं की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (परवानगीत) ते दाखवावं लागेल का हे विचारावं लागतं. महिन्याला दोन-तीन क्विंटलच्या खाली माल असेल तर माझ्या मते ग्राइंडरचा विचार सोडा. शेजारच्या चार-पाच गाळ्यांनी मिळून छोटा हत्ती भरून पाठवला तर भाडं आपोआप वाटलं जातं. फक्त सगळ्यांची गोण्यांची शिस्त सारखी पाहिजे. एकाने भुसा भरला की पाचही जणांचा माल परत येतो.

कुणाला द्यायचं

सर्वांत आधी तुमच्या टेपवाल्याला विचारा. टेप बनवणारे स्वतःचं कातरण दळून पुन्हा वापरतात, त्यांना त्यांच्या मालाचं मिश्रण माहीत असतं. रोल द्यायला आलेली गाडी रिकामी परत जाते, तिच्यात गोण्या गेल्या तर दोघांचंही बरं. सगळे हो म्हणणार नाहीत. एकाने मला तोंडावर सांगितलं की दुसऱ्या कंपनीची टेप मिसळली असेल तर नको, आणि ते रास्तच होतं.

नाहीतर दाणेवाले आणि दळणारे आहेत: भिवंडी, तळोजा, धारावीचं तेरा कंपाउंड, वर वापी-दमणपर्यंत. कडक पीव्हीसी दळून, त्यात नवा कंपाउंड (पीव्हीसीचं तयार मिश्रण) आणि तापवताना पीव्हीसी विघटू न देणारं स्टॅबिलायझर घालून ते वायरिंगची केसिंग-कॅपिंग, बीडिंग, प्रोफाइल असलं काहीतरी काढतात. प्रत्येक वेळी तापवताना स्टॅबिलायझर खर्ची पडतं, म्हणून नुसतं कातरणावर कुणी चालवत नाही. ‘तुम्ही यातून काय बनवता?’ हा प्रश्न विचाराच. पाण्याचे पाइप असं उत्तर आलं तर माल देऊ नका. जुन्या किंवा अनोळखी पीव्हीसीत शिशाचं स्टॅबिलायझर असू शकतं, आणि पाण्याच्या पाइपांत शिसं नको म्हणून केंद्राने २०२१ मध्ये वेगळे नियम केलेत.

कागद मागायला लाजू नका. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे रिसायकलरला राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. तिची आणि कन्सेंटची प्रत घ्या, मुदत तपासा. बिलावर मालाचा एचएसएन कोड ३९१५ टाका, प्लास्टिकची कातरणं आणि भंगार त्यातच येतं. जीएसटीचा चालू दर सीएला विचारा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, पण दमणला पाठवलात तर पन्नास हजारांच्या वर लागतं.

जाळणं

हे मी शेवटी ठेवलंय कारण अजूनही घडतं. डिसेंबरच्या रात्री वॉचमन आणि पोरं पत्र्याच्या पिंपात भुसा पेटवून शेकत बसतात, आणि भुशात टेप असतेच. शुद्ध पीव्हीसीत वजनाने सत्तावन्न टक्के क्लोरीन असतं. जळताना त्याचं हायड्रोजन क्लोराइड होतं, दमट हवेत आम्ल होतं, शिवाय डायऑक्सिनसारखी विषं निघतात. आमच्या शटरच्या आत, पिंपापासून दहा फुटांवर, पॅनल सॉचा बिडाचा बेड होता. एका थंडीत त्यावर तांबूस ठिपके आले, आधी वाटलं खाडीची हवा. पुसून तेल लावलं, आठवड्यात पुन्हा आले. पिंप हलवलं तेव्हा थांबले. त्या पोरांच्या छातीत काय गेलं असेल ते पुसून तेल लावण्यासारखं नव्हतं.

भुसा आता ब्रिकेटवाला (भुसा दाबून जळणाच्या विटा करणारा) नेतो, कारण त्यात प्लास्टिक नसतं. म्हणजे पाइप वेगळे केल्याने दोन्ही गोण्या हलल्या.

सुरुवात करताना एकदम माल पाठवू नका. पाच किलो पांढरी, पाच किलो रंगीत, पारदर्शक पिशवीत भरा, वर मार्करने टेपची कंपनी, जाडी, ग्लू आणि तारीख लिहा, आणि स्वतः घेऊन जा. समोर दळायला सांगा, जाळीखालून आलेला माल हातात घेऊन बघा. भुसा दिसला तर परत येऊन पाइपचे क्लॅम्प तपासा. आमचा एक पहिल्याच आठवड्यात सैल झाला होता.